गेथशेमानेत मी दाखवलेलं झाड

खादर,

आज आशीर्वाद लिहायला हात धजत नाही.

काल चिलीतल्या तुझ्या दुकानातली जपमाळ घेऊन, डबीवरच्या पत्त्यावरून एक म्हातारी इथे गावात, बेत जालात, आपल्या दारी आली. गाठ माझ्याच हातची. मोडक्या अरबीत म्हणाली, "बाई, माझा लेक ही धरूनच गेला. जिथलं लाकूड, त्या झाडाला एकदा टेकवते." डबीवर तू छापलंयस, 'गेथशेमाने बागेतील जैतून'. अरे, ते तर आपल्या परसातल्या झाडाच्या छाटणीचं! त्या बागेतलं पान तोडलं तरी तिथले फादर ओरडतात.

खरं सांगायला तोंड उघडलं, पण तिच्याकडे पाहून मिटलं. तिला जेरुसलेमला, गेथशेमाने बागेत नेलं.

"कुठलं गं ते?"

मी बोट दाखवलं. कठड्यावरून वाकून तिने माळ फांदीला टेकवली आणि माझ्या हाताचा मुका घेतला.

प्रभूला जिथे दगा झाला, तिथेच तू मला खोटं बोलायला लावलंस, निर्लज्जा! यापुढे एक मणी ओवणार नाही. माझं पाप शनिवारी फादरांपुढे कबूल करीन, तुझं तू कर.

तिला खरं कळव, असं लिहिणार होते. पण तिचा पत्ता मी मुद्दामच विचारला नाही.

तुझी थोरली बहीण,
नुझा