पाचवं शील आणि डब्यावरची चिठ्ठी

नाशिक,
२० एप्रिल १९९८

चि. दिनेश यास दाजींचा सप्रेम जय भीम.

तुझी, संध्याची आणि रानीखेतच्या थंडीची खुशाली कळव. आम्ही बरे आहोत असं लिहिणार होतो, पण हल्ली काहीही लिहायचं म्हटलं की माझा हात थबकतो. कारण ऐक.

तू बदलीच्या गावाहून भांगेच्या बियांच्या तेलाचा डबा पाठवलास. सोबत लिहिलंस की दाजींना डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल सांगितलंय, तर हे तेल कच्चंच वरून घ्यावं, हृदयाला चांगलं, पहाडातली माणसं रोज खातात आणि नशा मुळीच होत नाही. तुझं प्रेम पोचलं बाबा. चूक माझी. एकतीस वर्षं रेकॉर्डरूममध्ये काढलेला माणूस मी; बिनचिठ्ठीची वस्तू दिसली की हात शिवशिवतात. डब्यावर ठळक अक्षरात ‘भांगेच्या बियांचे तेल’ अशी चिठ्ठी डकवली, तारीख टाकली आणि खाली सही ठोकली. (सही कशाला, हे तुझी ताई अजून विचारते.) शेजारच्या विठाबाई वाटीभर साखर न्यायला आल्या, त्या डबा वाचून साखर न घेताच गेल्या. दिवेलागणीपर्यंत कॉलनीभर झालं, की विहार कमिटीच्या सेक्रेटरीच्या घरी भांग शिजते.

आता तुला ठाऊकच आहे, रविवारी विहारात पंचशील मी सांगतो आणि लोक मागून म्हणतात. अकरा वर्षं झाली. त्या रविवारी चार शीलं सुरळीत गेली. पाचव्याला, मादक पदार्थांपासून दूर राहीन म्हणताना, मागे कोणीतरी खोकलं आणि बायकांनी पदर तोंडाला लावले. नंतर अध्यक्ष खंडेराव मला बाजूला घेऊन म्हणाले, “साहेब, माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण पाचव्या शीलाला लोक हसणार असतील, तर बुद्धपौर्णिमेला दुसऱ्या कोणी सांगितलेलं बरं.” दिनेश, डॉक्टरांचा कागद पाहून हललं नव्हतं, ते काळीज त्या वाक्यानं हललं.

तिथंच मी दुसरी चूक केली. म्हणालो, कमिटीनं माझ्याकडे जेवावं, सगळ्यावर तेच तेल. एकाला जरी नशा झाली तर राजीनामा देतो. पाच जण आले. भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा. जेवण झाल्यावर खंडेराव घोरायला लागले. (ते शोकसभेतही घोरतात.) कोंडाजीच्या डोळ्यांना पाणी आलं, ते तुझ्या ताईच्या ठेच्यानं. गोटीरामनं चौथी भाकरी मागितली. यावर कमिटीचा ठराव असा, की लक्षणं संशयास्पद आहेत, पुन्हा परीक्षा घ्यावी. चार रविवार झाले, परीक्षा चालूच आहे. काल तर गोटीराम घरच्यांची परीक्षा घ्यायची म्हणून भरीत बांधून घेऊन गेला. मी थकलो रे. निकाल द्या म्हटलं की म्हणतात, घाई कशाला, पौर्णिमेला अजून तीन आठवडे आहेत. एक मात्र कबूल करतो, तेल गुणाचं आहे. त्याचा तो गवताळ वास मी आता डोळे मिटून ओळखतो, आणि जिना चढताना धापही कमी लागते.

तुझा,
झुंबर दाजी

ता. क. – आणखी एक डबा पाठव. परीक्षक वाढत चाललेत. चिठ्ठी मी लावणार नाही.

ता. क. २ – खालची जागा तुझ्या ताईनं राखून घेतली आहे. पाकीट तीच चिकटवणार. मी वाचणार नाही असं कबूल करून बसलोय.

दिन्या, पहिल्या जेवणाच्या दिवशी, मंडळी यायच्या आधी, हे बाजारात गेले होते, तेव्हा मी उरलेलं सगळं तेल भज्यांसाठी कढईत तापवलं. कच्चं खायचं असतं हे मला कुणी सांगितलं होतं? घरभर धूर, भजी कडूजहर. सगळं मोरीत ओतलं. तेव्हापासून त्या डब्यात साधं शेंगदाण्याचं तेल आहे आणि खंडेराव त्याच्यावरच घोरतात. काल दारात मला सांगून गेले, की तेल निर्दोष आहे, पौर्णिमेला यांनाच उभं करायचं ठरलंय. पण यांना मात्र अजून दोन रविवार जेवून झाल्यावर सांगू, म्हणाले. डबा लवकर पाठव. यांचं पाचवं शील राखताना माझं चौथं मोडलंय, आणि पौर्णिमेला हे ‘खोटं बोलणार नाही’ म्हणतील तेव्हा मागून मलाही म्हणायचंय.

तुझी लताताई