तिसऱ्या चौकोनाचा वारस

मी, खाली सही करणारी, धंद्याने खुर्च्या आणि गाद्या शिवणारी, वयाने साठीपुढची, राहणार माझ्याच दुकानाच्या वरच्या खोलीत, चित्रपटगृहाबाहेरच्या या रांगेत 'गादीताई' म्हणून ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते नाही असे म्हणणारे या रांगेत काही जण आहेत, पण ते सगळे यानवाले आहेत आणि त्यांच्या मताला मी कधीच किंमत दिलेली नाही. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. कोणाची छाती असेल तर त्याने आणून पाहावे. बिघडली आहे ती हृदयाची एक झडप. उद्या सकाळी ती बदलणार आहेत. आज दिवेलागणीला रुग्णालयाची गाडी मला न्यायला येईल, म्हणून अक्षर घाईचे आहे. विचार घाईचा नाही.

'नवव्या चंद्रा'ची गाथा ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी थोडे सांगते, नाहीतर पुढची कलमे कळायची नाहीत. पहिल्या चित्रपटात नवव्या चंद्रावर एक बाई दिवा सांभाळत बसलेली असते. तिचा सख्खा भाऊ, यानाचा कप्तान, त्या चंद्रावरून जातो आणि न उतरताच निघून जातो. पुढच्या सगळ्या भागांत दोघे एकमेकांचे वैरी. का, ते कुठेच सांगितलेले नाही. दिवा लागलेला असून कप्तानाने तोंड फिरवले, असे मानणारे आम्ही दिवेवाले. दिवा आधीच विझला होता, मग तो बिचारा उतरणार कुठे, असे म्हणणारे यानवाले. आता इतक्या वर्षांनी नव्या भागात त्याआधीची गोष्ट येते आहे आणि उद्या सकाळच्या पहिल्या खेळात याचा निकाल लागेल. जी झलक दाखवली आहे तिच्यात दिव्याच्या खटक्याकडे जाणारा एक हात दिसतो आणि पडदा काळा होतो. तो हात दिवा लावतो आहे की मालवतो आहे, यावरून परवा या रांगेत दोघांनी एकमेकांची गचांडी धरली. मी मध्ये पडले नाही. तो लावतोच आहे.

उद्या तो खेळ आणि माझी भूल एकाच सुमाराला सुरू होणार. डॉक्टरांना मी म्हटले, एक दिवस पुढे ढकला. ते म्हणाले, "बाई, चित्रपट काय, परवाही दिसेल." मी वाद घालणार होते, पण त्यांनी माझाच हात धरून मला माझी निळी पडलेली नखे दाखवली. मला भीती वाटते आहे. ते इथे लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी मला शूर म्हणायला नको.

कलम एक. दुकानातले जड शिवणयंत्र माझ्या कारागीर बाईला द्यावे. त्याच्या पायडलला माझ्यापेक्षा तिच्या पायाची सवय आहे. आज ती दुकान उघडून बसली आहे, कारण रांग म्हणजे रिकामटेकड्यांचे काम असे तिचे मत आहे. यंत्र तरीही तिचेच.

कलम दोन. बँकेत जे असेल त्यातून आधी रुग्णालयाचे भागवावे. उरले तर उद्याच्या मध्यंतरात सगळ्या रांगेला चहा. यानवाल्यांनाही.

कलम तीन. मी बसले आहे ती घडीची खुर्ची दुसऱ्या चौकोनातल्या पोस्टमनकाकांना. आयुष्यभर पिशवी वाहून त्यांची पाठ गेली आहे आणि इथे ते वर्तमानपत्रावर बसतात. "गादीताई, मला सवय आहे हो," असे म्हणतात आणि उठताना भिंत धरतात. मी गाडीत बसले की खुर्ची त्यांची, त्यासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. मोठी छत्री पहिल्या चौकोनातल्या सासरे-जावयांना. दोघांत एकच, भांडू नये.

कलम चार. सोबत आणलेली नवी गादी चौथ्या चौकोनातल्या भूगोलाच्या बाईंना. ही मी खास या खेळासाठी शिवली. आतल्या नव्या खुर्च्यांना माझे अंग लागू द्यायचे नाही, असे मी ठरवले होते. ते का, हे पुढच्या कलमात.

कलम पाच. माझा धाकटा भाऊ.

या चित्रपटगृहाच्या खुर्च्या आमचे बाबा शिवत. खेळ सुरू व्हायच्या आधी ते आम्हा दोघांना बाजूच्या दाराने आत घेत, दर वेळी शेवटच्या ओळीतल्या, कडेच्या त्याच दोन खुर्च्यांवर बसवत आणि सांगत, "स्प्रिंगा टोचतात का ते बघा. शेवटपर्यंत बसल्याशिवाय कळत नाही." अशा रीतीने 'नववा चंद्र' आम्ही कितीदा पाहिला याचा हिशेब नाही. यान निघून जाताना धाकटा दर वेळी रडे. आणि घरी जाताना वाद. तो तेव्हापासून यानवाला. बाबांनंतर दुकान आम्ही दोघांनी चालवले. मी शिवायची, तो कापायचा. बाबांची कात्री त्याच्याच हाताला बसायची, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटले नाही, इथे म्हणते.

मग तो तयार खुर्च्यांच्या कारखान्यात गेला. गेला तर गेला. पण एके दिवशी मी नेहमीसारखी चित्रपटगृहात टाके तपासायला आले तर माझ्या सगळ्या खुर्च्या मागच्या अंगणात उलट्यापालट्या पडलेल्या. आत कारखान्याच्या नव्या खुर्च्या ओळीने बसवत होते, आणि हातात मोजपट्टी घेऊन उभा होता तो माझा भाऊ. मला एका शब्दाने सांगितले नव्हते. सांगायला तोंड नव्हते, असे त्याने नंतर कोणाजवळ तरी म्हटले. त्या दिवसापासून आमची बोलाचाली बंद आहे. आमच्या आईच्या शेवटच्या दिवशीही आम्ही एका खोलीत दोन भिंतींकडे तोंडे करून बसलो होतो.

तो आजही याच रांगेत आहे. मागे, दिव्याच्या खांबाजवळ, यानवाल्यांच्या घोळक्यात. रांग लागल्यापासून मी एकदाही मागे वळून पाहिलेले नाही. माझी मान दुखते आहे.

कलम सहा. तिसरा चौकोन.

रांगेत प्रत्येकाचा फरशीवर खडूने आखलेला चौकोन असतो. शेजाऱ्याला सांगून जरा वेळ उठता येते. न सांगता सोडला तर मागचा पुढे सरकतो. आजारपणात चौकोन दुसऱ्याला देता येतो, पण फक्त रक्ताच्या नात्यात. हा नियम मीच केला. मागच्या भागाच्या वेळी लोक जागा विकायला लागले होते, तेव्हा मी ओरडून ओरडून सगळ्यांकडून तो कबूल करून घेतला. त्या वेळी धाकटा माझ्याच पुढच्या चौकोनात उभा राहून माना डोलावत होता, त्यामुळे अशी पाळी येईल हे डोक्यातही आले नाही. मला मूल नाही, आईबाप नाहीत. रक्ताचे एकच माणूस आहे आणि ते खांबापाशी उभे आहे. माझ्याच पायावर मी इतका मोठा धोंडा पाडून घेतला आहे की पोस्टमनकाकांनाही हसू आवरले नाही.

भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "या वेळेपुरता मोडा ना नियम. कोण बोलणार आहे?"

मी बोलेन. मी गाडीत असले तरी बोलेन.

म्हणून चौकोन त्याला. मागायला मात्र त्याने यावे. मी हाक मारणार नाही.

कलम सात. दुकानाचा गाळा, वरची खोली आणि बाबांची कात्री धाकट्याला. शिवाय कपाटातल्या वरच्या खणात बाबांनी आणलेली लाल मखमल थोडी उरली आहे, तीही त्यालाच. कारण असे. या रांगेत असतानाच चित्रपटगृहाच्या दारवानाने मला सांगितले, की खुर्च्या काढल्या त्या दिवशी अंधार पडल्यावर माझा भाऊ हातगाडी घेऊन मागच्या अंगणात आला होता आणि ढिगातून दोन खुर्च्या शोधून घेऊन गेला. कोणत्या दोन, ते मी विचारले. दारवान म्हणाला, "शेवटच्या ओळीतल्या, कडेच्या. जिथं तुम्ही दोघं बसायचात." मी मोठ्याने म्हटले, मला काय त्याचे. पण तेव्हापासून हे एकच डोक्यात घोळते आहे. त्या खुर्च्यांना आता नवे कापड लागेल. दुसरी मखमल लावू नये.

कलम आठ. उरलेसुरले, आणि वरचे एखादे कलम बाद ठरले तर त्यातलेही, भूगोलाच्या बाईंना. हे वाक्य पाचव्या चौकोनातल्या वकीलबाईंच्या सांगण्यावरून घातले आहे.

कलम नऊ. मी शुद्धीवर आले, तर मी होऊन विचारेपर्यंत कोणीही मला कथा सांगू नये, चेहऱ्यावरूनही नाही. जो सांगेल त्याची या कागदातली वस्तू काढून घ्यावी. आणि मी शुद्धीवर आले नाही, तर माझ्या कानाशी येऊन सांगावी, पुरी सांगावी. तो हात काय करतो ते आधी.

आता साक्षीदार. वकीलबाई यानवाल्या असूनही पहिली साक्ष द्यायला तयार आहेत. त्यांना मी काही दिलेले नाही, ते बरेच झाले, कारण त्यांचे म्हणणे असे, की ज्याला कागदातून काही मिळते त्याने साक्षीची सही केली तर कागद टिकतो, पण त्याची वस्तू जाते. दुसरा साक्षीदार कोण? पुढे सासरे-जावई, छत्री. पोस्टमनकाका, खुर्ची. मागे बाई, गादी आणि उरलेसुरले. दारवान आत खुर्च्या पुसतो आहे. वाटण्याच्या नादात मी आजूबाजूला माणूसच शिल्लक ठेवले नाही.

पोस्टमनकाकांनी मागे निरोप पाठवला, "साक्षीला एक माणूस पाहिजे. लवकर!" निरोप तोंडातोंडी मागे गेला. तेवढ्यात रुग्णालयाची गाडी कोपऱ्यावर येऊन थांबली. तो हात दिवा लावतो की मालवतो, ही रांगेत एवढा वेळ चाललेली हुज्जत एकदम बंद झाली. गाडीतला माणूस म्हणाला, "ताबडतोब निघायला हवं," आणि मी त्याला म्हटले, अजून सही व्हायची आहे. माझ्या छातीत धडधडत होते, ते झडपेमुळे की कशामुळे, देव जाणे.

मग मागे पावले वाजली आणि वकीलबाई म्हणाल्या, "अहो, तुमचा चौकोन!" मी वळून पाहिले नाही, पण मला कळले. त्याच्या मागचा माणूस लगेच पुढे सरकला होता. यानवाल्यांत माया कसली ती नाही.

"ताई, कागद दे," तो म्हणाला.

इतक्या वर्षांत आवाज बाबांसारखा झाला आहे. मी दिला. त्याने तो उभ्याउभ्या वाचला, पहिल्यापासून. गाडीवाला घड्याळ बघत होता.

"तुम्ही सही करू नका," वकीलबाई म्हणाल्या. "केलीत तर सातव्या कलमातलं तुमचं सगळं जाईल. गाळा, खोली, कात्री, सगळं."

"वाचलं मी."

"थोडं थांबा. कोणीतरी मिळेल दुसरं."

"कोण येतंय? सगळ्यांना आपापला चौकोन प्यारा आहे."

मी म्हटले, "डोक्यात राख घालू नकोस. बाबांची कात्री आहे ती."

"जाऊ दे की भूगोलाच्या बाईंना. नकाशे कापतील."

बाई बिचाऱ्या रडकुंडीला आल्या. "अहो, मला नको हो काही! मी कुठं मागितलं?"

"मग हिला सांगा," तो म्हणाला. माझ्याकडे बोट दाखवत होता. "मला द्यायचं असेल तर हिनं परत यावं आणि नवं लिहावं. हे असं आधीच सगळं देऊन निघून जायचं नाही."

 मी विचारले, "त्या दोन खुर्च्या खरंच तुझ्याकडे आहेत?"

"आहेत. तुझ्या खुर्चीची स्प्रिंग टोचते. मला जमत नाही ती."

हे मी त्याच्यासमोर लिहीत आहे. तो खडूच्या रेघेबाहेर उभा आहे. मी त्याला आत बोलावले आहे. होय, मीच. तिसरा चौकोन मी त्याला जिवंतपणी, स्वतःच्या तोंडाने देत आहे, त्यामुळे सहाव्या कलमाचे आता काम उरलेले नाही. बाकी सगळे वरीलप्रमाणे. हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही करत आहे.

स्थळ : चित्रपटगृहाबाहेरची फरशी.
दिनांक : पहिल्या खेळाचा आदला दिवस, दिवे लागताना.

लिहून देणारी : (सही) गादीताई

साक्षीदार पहिली : (सही) वकीलबाई, पाचवा चौकोन. लिहून देणारीने माझ्यासमोर सही केली. मी यानवाली आहे हे कागदात नमूद आहे, ते खरे आहे.

साक्षीदार दुसरा : (सही) लिहून देणारीचा धाकटा भाऊ, तूर्त तिसरा चौकोन. या सहीमुळे मला या कागदातून काहीही मिळणार नाही, हे मला समजावून सांगण्यात आले. समजले. ताईची वाट पाहत आहे.