सॉकेटमधलं कुंकू

दसऱ्याचा दुसरा दिवस, संध्याकाळ. चारकोप.

काल पूजेसाठी कॉम्प्युटर उघडून साफ केला. प्रोसेसर बाहेर काढलेला, तेवढ्यात आईने उघड्या मदरबोर्डलाच हळदकुंकू वाहिलं. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या केसाएवढ्या पिनांवर कुंकू! मी ओरडलो, "वाट लावलीस गं!" फुंकर मारून प्रोसेसर परत बसवला, तर मशीन सुरूच होईना. सगळं खापर तिच्यावर फोडलं.

आज तिनेच सुई आणि भिंग आणून दिलं. मोबाईलच्या उजेडात बघितलं. उरलंसुरलं कुंकू एका कोपऱ्यात होतं, आणि तिथल्या पिना धड होत्या. वाकलेल्या चार पिना समोरच्या कोपऱ्यात. काल रागारागात बसवताना प्रोसेसर माझ्याच हातून निसटून तिथे पडला होता. तिथे कुंकू नव्हतं. अजिबात नव्हतं.

श्वास रोखून सुईने एकेक पिन सरळ केली. मशीन सुरू झालं.

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "झालं ना रे? पुढच्या वर्षी लांबूनच फूल वाहीन हो."

मी नुसतं "बरं" म्हटलं. का? तेव्हाच सांगून टाकायचं ना! जेवताना सांगू?

ती आता गुणगुणत पोळ्या लाटतेय. तिला वाटतंय, मी तिला माफ केलं.