आधी पडलेला पडदा

अण्णा, फार उशिरा लिहितोय, रागावू नका. तुम्ही जाऊन वीस वर्षं होऊन गेली आणि मी लिहायला बसलो तो आत्ता, मुलाच्या घरी, अमेरिकेत, पार्सिपनी नावाच्या गावात. तुम्हाला मराठी बोललेलं कळायचं, वाचता यायचं नाही, हे माझ्या ध्यानात आहे. पण चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने दुसऱ्या कुठल्या भाषेत लिहावं? माटुंग्यात तुमच्या मंडळींत राहून तमिळ बोलायला शिकलो, अक्षरं मात्र डोक्यात शिरली नाहीत. इथे बाहेर बर्फ आहे. मुलगा आणि सून कामावर गेले की दिवसभर मी खिडकीशी बसतो आणि गॅस बंद केला ना, दार लावलं ना, हे पुन्हापुन्हा उठून बघतो.

शनिवारी दुपारी तुमच्या मंडळीचं नाटक पाहिलं. म्हणजे त्याचा सिनेमा. खालच्या मजल्यावर एक तमिळ कुटुंब राहतं, त्यांनी कॅसेट आणली होती आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं होतं. नाव बदललंय, म्हणून आधी ओळखलं नाही. मग तो रिटायर झालेला हेडक्लार्क बाप आला, मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून घराबाहेर काढलेला धाकटा मुलगा आला, दोघांच्या मध्ये गप्प उभी राहणारी थोरली सून आली, आणि मी खुर्चीत पुढे सरकलो. सिनेमात खरं घर आहे, विहीर आहे, तरी जेवायला बसले की सगळे एकाच बाजूला बसतात, समोर प्रेक्षक असल्यासारखे. शेवटी धाकटा परत येतो आणि बाप त्याच्या समोर उभा राहतो. मी तमिळमध्ये बोलून गेलो, "आता हा काही बोलणार नाही. तोंड उघडेल आणि संपेल." तसंच झालं. खालचे गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, "अंकल, ही कॅसेट कालच आली. तुम्हाला कसं माहीत?" नात म्हणाली, "आजोबा, वेअर यू इन द मूव्हीज?" मुलगा हसत म्हणाला, "बाबा नाटकाच्या हॉलमध्ये पडदा ओढायचे गं."

हो, पडदा ओढायचो. हॉलचा नोकर मी, आणि तुमच्या तमिळ नाटक मंडळीच्या प्रयोगांची सगळी व्यवस्था तुमच्याकडे. समोरच्या विंगेत स्टुलावर तुम्ही, हातात लाल कागद लावलेला छोटा टॉर्च. तो लुकलुकला की मी दोर सोडायचा. दोराने माझे तळहात सोलून निघायचे. एकदा तुम्ही मला घरी जेवायला नेलंत, तेव्हा मला घास घेता येईना हे वहिनींनी पाहिलं. त्यांनी ताटात दहीभात कालवून चमचा दिला आणि पुढच्या प्रयोगाला तुम्ही नेसायचा त्या जुन्या वेष्टीच्या कापडाच्या, आत कापूस घातलेल्या दोन पट्ट्या शिवून पाठवल्या. स्वयंपाकघराच्या दाराशी पाट होता, समोर पितळेचा कॉफीचा डबा, आणि तुम्ही कॉफी वरून खाली ओतताना हात किंचित हलत होता. बशीत थेंब सांडले. वहिनींनी ते पाहिलं, तुम्हीही पाहिलं. मी खाली मान घालून जेवत राहिलो.

मग ते दोन रविवार. पहिल्या रविवारी सकाळच्या प्रयोगात मला पडदा पाडायला उशीर झाला. दुसरंच नाटक होतं, आजोबा मेलेले, आणि मेलेल्या आजोबांना मांडी खाजवावी लागली. लोक हसले. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "झोप घरून काढून येत जा, इथे हप्त्याने घेऊ नकोस." सगळे हसले, मीही हसलो. पण हॉलचे मॅनेजर मागे उभे होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आणखी एक तक्रार आली की तू घरी. आठवडाभर मी ताट अर्धं टाकून उठायचो. बायको विचारायची काय झालं, मी म्हणायचो पित्त.

दुसऱ्या रविवारी तुमचं हे नाटक. शेवटी बाप मुलाला म्हणणार, "मी चुकलो," मुलगा पाया पडणार आणि मग पडदा. मला प्रत्येक वाक्य पाठ होतं. बाप पुढे आला, त्याने तोंड उघडलं, आणि मी दोर सोडला. टॉर्च लागला नव्हता, अण्णा. मी तिकडे बघतसुद्धा नव्हतो. आता उशीर होणार, आता उशीर होणार, एवढंच डोक्यात होतं.

पडदा पडला. नाटक लिहिणारे तुमचे प्रमुख आत धावत आले, घामाने निथळलेले, आणि ओरडले, "खूण कुणी दिली?" मॅनेजरही आले. तुम्ही स्टुलावरून उठलात, टॉर्चकडे पाहिलंत, मग स्वतःच्या हाताकडे पाहिलंत. तो हात थरथरत होता. तुम्ही मला हळूच विचारलंत, "मी दाखवला का रे दिवा?" मी म्हणालो, "हो अण्णा. मला दिसला." एवढंच म्हणालो. पुढे कुणी विचारलं नाही.

तुम्ही टॉर्च स्टुलावर ठेवलात आणि निघून गेलात. पुढच्या महिन्यात कळलं की तुम्ही काम सोडून कुंभकोणमकडे गावी गेलात. प्रमुखांचा राग आठ दिवसांत उतरला होता, कारण प्रेक्षकांना तो शेवट फार आवडला. बाप बोलला नाही म्हणून लोक रडत बाहेर पडले. मग त्यांनी ते वाक्यच काढून टाकलं. तुम्हाला बोलवायला माणूस पाठवला होता. तुम्ही निरोप दिलात, हाताचा भरवसा राहिला नाही. वर्ष-दीड वर्षाने वहिनींचं कार्ड आलं. हॉलजवळच्या तमिळ कॉफीवाल्याने वाचून दाखवलं की तुम्ही गेलात, आणि शेवटी शेवटी स्वतःच्या हाताने पेलाही धरत नव्हतात. धरता येत नव्हता की धरत नव्हतात, हे मी त्याला दोनदा विचारलं. त्याने कार्ड परत वाचलं आणि म्हणाला, "धरत नव्हते असंच लिहिलंय."

हे सगळं शनिवारी सांगायला काय हरकत होती? मॅनेजर मेला असेल, हॉल राहिला मागे, मला कोण काढणार? सगळे माझ्याकडे बघत होते, सुनेने पहिल्यांदाच माझं बोलणं ऐकायला उठून त्यांचा टीव्ही बंद केला होता. आणि मी सांगितलं, "आमचे अण्णा होते, म्हातारे. त्यांचा हात थरथरला, चुकून दिवा लागला, आणि नाटकाचा शेवटच बदलला." सगळे खूप हसले. मुलगा म्हणाला, "बाबा, एवढी मजेदार गोष्ट तुम्ही कधी सांगितली नाहीत." तुमचा हात कसा हलायचा, ते मी करूनही दाखवलं.

खालचे गृहस्थ इथल्या तमिळ मंडळाचा पोंगलचा अंक काढतात. त्यांनी ही गोष्ट लिहून घेतली, तुमचं नाव विचारलं. मी दिलं, गावासकट. काल इंग्रजीत टाइप केलेला कागद वर आणून दिला आणि मुलाने तो मला मराठी करून वाचून दाखवला. त्यात तुमचं नाव आहे, थरथरणारा हात आहे. तुमच्या घरचं कुणी इथे असेल, कुणी तिकडे अंक पाठवेल, वहिनी अजून असतील. रविवारी कागद छापायला जाणार आहे.

खाली जायला बारा पायऱ्या आहेत. तीनदा जाऊन आलो. दोनदा दारापासून परत फिरलो. तिसऱ्यांदा त्यांच्या बायकोने दार उघडलं, "या अंकल, बसा," म्हणाली, आणि मी तिच्याकडे वाटीभर साखर मागितली. घरात साखर होती. सुनेने वाटी पाहून विचारलं, "बाबा, ही कशाला?" मी म्हटलं, असू दे. कुणाला पत्र लिहिताय असं तिने विचारलं, तेव्हा गावच्या चुलतभावाला म्हणून सांगितलं. तेही खोटंच. पाकिटावर काय पत्ता घालायचा, हे मला माहीत नाही.

त्यांना खरं सांगू की राहू दे, तुम्ही म्हणाल तसं करीन. आज गुरुवार आहे. रविवारच्या आत काहीतरी कळवा, अण्णा.