पेटीतली ओटी

आबा,

आज सकाळी मिठाची बरणी पुसायला काढली आणि तुमची आठवण आली. आली ती दिवसभर हललीच नाही. शाळेतून आले, चूल पेटवली, भात टाकला, तरी तुम्ही आपले उंबऱ्याशी बसलेलेच. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं. तुम्हाला अक्षरं फारशी लागत नसत, आकडे मात्र पक्के वाचता यायचे, तेव्हा हे पत्र तुम्ही असतात तरी मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. आणि तसं ते मी कधीच वाचलं नसतं, हेही खरं.

इथे माणगावात सध्या सगळ्यांच्या तोंडी चीनची लढाई. उत्तरेला बर्फात आपली पोरं लढताहेत. शाळेतल्या बायका मधल्या सुट्टीत मोजे विणतात, मीही विणते, माझे टाचेशी वाकडे होतात. परवा हेडमास्तरांनी वर्तमानपत्र वाचून दाखवलं, की परदेशातून आपल्याला बंदुकांच्या पेट्या येताहेत. एक मास्तर म्हणाले, फुकटची जुनी खोडं गळ्यात मारत असतील. मी एकदम फणकारले, "जुनी असली तर बरंच. हाताला ओळखीची असते." सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मराठी शाळेतल्या बाईला बंदुकीतलं काय कळतंय! माझ्या मनात मात्र दुसरंच होतं. या पेट्या तिकडे कुठल्या बाईच्या हातांनी भरल्या असतील, आणि भरताना तिच्या मनात काय असेल.

थळच्या पलीकडे समुद्राकाठी पत्र्याच्या त्या लांब शेडी. मोठ्या लढाईत उभारलेला डेपो, लढाई संपली, इंग्रज गेला, तरी तो तसाच चालू. तुम्ही तिथे बंदुकांचे मिस्त्री. मी लग्नानंतर तीन वर्षांतच कपाळ पुसून सासरहून तुमच्याकडे परत आलेली. आईच्या माघारी तुम्हाला मला घरी बसवून ठेवायचं नव्हतं, म्हणून साहेबाला सांगून ग्रीसच्या कामावर लावलंत. आम्ही आठ-दहा बायका. बंदूक पुसायची, ग्रीस चोपडायचं, तेलकागदात गुंडाळायची, एका पेटीत दहा. पहिल्याच दिवशी तुम्ही मला सगळ्यांदेखत झापलंत. "हात पूस आदी. घामाचं बोट लागलं तर थितंच गंज चडतो. भाकरी न्हाय थापायची हितं." मी रडले. संध्याकाळी तुम्ही मला एक मऊ फडकं आणून दिलंत, तुमच्याच जुन्या धोतराचं, चारी बाजूंनी टीप घातलेलं. टीप तुम्हीच घातली होती, वाकडी. तेवढीच तुमची माफी.

बोल्ट बसवून बघताना तुम्ही म्हणायचात, बंदुकीचा नंबर आणि बोल्टचा नंबर एकच पाहिजे. "दुसऱ्याचा बसतो गं, पन नांदत न्हाय." हे तुम्ही बंदुकीबद्दलच बोलत होता. तरी त्यानंतर तुम्ही माझ्यासाठी दुसरं स्थळ आणायचं बोलला नाहीत, आणि मी मनातल्या मनात तुमच्या पाया पडले.

ह्यांची पलटणीतून आलेली पत्रं मी तुम्हाला वाचून दाखवायची, पण एक ओळ दर वेळी गाळायची. ब्रह्मदेशातून आलेल्या शेवटच्या पत्रात ह्यांनी लिहिलं होतं, की मला इथे दुसरी मिळाली आहे, रात्रंदिवस उशाशी असते, तुझ्यापेक्षा कमी बोलते. आणि पुढे तिचा नंबर. मेली सवत म्हणून मी किती हसले होते! दोन महिन्यांनी तार आली. कुठल्याशा नदीच्या काठी ते तिथेच राहिले. पण बंदुका परत आल्या, आबा. लढाईनंतर गोळा केलेल्या बंदुका बोटींतून आल्या आणि त्यातल्या पुष्कळशा आपल्याच शेडीत. मी एकेक उचलते, नंबर वाचते, पुसते, ठेवते. ओठ हलतात. तुम्ही समोरच्या बाकावरून माझ्या ओठांकडे बघता.

मग त्या दसऱ्यानंतर तो ब्रह्मी अधिकारी आला. स्वातंत्र्याला दोन-अडीच वर्षं झाली असतील. त्यांच्या देशातही यादवी माजलेली, सरकार पडायच्या बेतात, आणि आपण त्यांना मदत म्हणून बंदुका देणार होतो. बुटका, गोल चेहऱ्याचा माणूस, डाव्या हाताची दोन बोटं नसलेला. आपल्या साहेबाने त्याला नव्या मालाचं काही दाखवलं, तर त्याने मान हलवली. "नया नहीं मंगता. मेरे आदमी को यही मालूम है." मग तुमच्या बाकावरची जुनी बंदूक उचलून, डोळे मिटून, त्याने बोल्ट काढला, पुसला, परत बसवला. आठ बोटांनी. तुम्ही जागचे उठून उभे राहिलात. दुपारी तुम्ही दोघं शेडीच्या सावलीत बसून मोडक्या हिंदुस्तानीत बोलत होता, तुम्ही त्याला आपल्या डब्यातली सुक्या जवळ्याची चटणी दिलीत, त्याने बोटं चाटून खाल्ली. जाताना तो म्हणाला, होळीच्या आत पाठवा, माझी माणसं हातात काठ्या घेऊन पुलावर उभी आहेत. तुम्ही छातीवर हात ठेवून "हां" म्हणालात.

दिवाळी झाली आणि पेट्या भरायचं काम दिवसभर चालायला लागलं. मार्गशीर्षात, शेवटच्या शे-दीडशे बंदुका उरल्या असताना, एक माझ्या हातात आली आणि मी थांबले. दस्त्यावर चाकूने कोरलेल्या तीन खाचा, आणि त्यांच्याखाली एक वेडंवाकडं तुळशीवृंदावन. आपल्याकडचाच कुणीतरी, दुसरं कोण कोरणार? ती पुन्हा त्याच मुलखात निघाली होती, जिथे हे होते. मला वाटलं, ही आता ह्यांच्याकडे नांदायला चालली आहे, आणि रिकाम्या हाताने. माझ्या कपाळावर कुंकू नाही, मला कुणी कुणाची ओटी भरू देत नव्हतं. शेजारच्या पोरीच्या पाठवणीला मला मागच्या दारी बसवलं होतं. दुसऱ्या दिवशी मी घरून तांदूळ नेले, आपल्या तळे गावच्या शेतातून आलेले नव्या भाताचे, एक हळकुंड, एक सुपारी. ह्यांच्या जुन्या रुमालात पुरचुंडी बांधली आणि तेलकागदाच्या आत, तिच्या पोटाशी ठेवली. सवतीची ओटी भरणारी मीच एकटी असेन! तुमचं घामाचं बोट मला आठवलं होतं, नाही असं नाही. पण मी म्हटलं, मिठाला ओल सुटू नये म्हणून आपण बरणीत तांदूळच घालतो की. तांदूळ ओल ओढून घेतात, बंदुकीला बाधायचे कसे? एवढीच माझी अक्कल. बरणीत घालतो ते तांदूळ जुने, वाळलेले असतात, आणि माझे नवे, ऊन न दाखवलेले, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

माघात पेट्या पडावांत, मालाच्या होड्यांत, चढवायच्या आधी तपासणी झाली. मधल्याच दोन-चार पेट्या उघडायच्या होत्या, त्यात ती निघाली. झाकण उचललं तसा कुबट वास सुटला. तांदळाला बुरशी, त्यात किडे, आणि दहाही बंदुकांवर तांबूस गंज, ती तुळशीवाली तर नळीपर्यंत खाल्लेली. साहेबाचा चेहरा पांढराफटक. आम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं. त्याने तो रुमाल काडीने वर उचलून विचारलं, हे कुणाचं काम? तुम्ही रुमालाकडे पाहिलंत. तुम्हीच तो जावयाला पहिल्या दिवाळसणाला दिला होता, निळ्या काठाचा. मग तुम्ही माझ्याकडे न बघता पुढे झालात. "म्यां घातलं, सायेब. लेक सासरी धाडताना रिकाम्या वटीनं धाडायची कशी? चुकी झाली." एक बाई फिसकन हसली. साहेब ओरडत होता आणि तुम्ही पागोटं हातात घेऊन उभे होता. एक शब्द पुरला असता. मी तोंड उघडलं नाही.

त्याच दिवशी तुम्हाला काढलं. सगळ्या पेट्या पुन्हा उघडायचा हुकूम झाला. होळी गेली, पाडवा गेला, मग पावसाने पडाव बंद झाले. त्या बंदुका नारळी पौर्णिमेनंतर गेल्या. आपण मात्र तुम्हाला काढलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी गाठोडी घेऊन तळ्याची वाट धरली. खाडी ओलांडताना होडीत तुम्ही माझ्याशेजारी बसला होता, पाण्याकडे बघत. मग हळूच विचारलंत, "नंबर त्योच व्हता ना गं?"

मी म्हटलं, "व्हय आबा. त्योच."

"मंग झालं," तुम्ही म्हणालात, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. मी मोठी झाल्यावर पहिल्यांदाच.

पुढची दोन वर्षं तुम्ही शेतावर राबलात. मला फायनलच्या परीक्षेला बसवलंत, मास्तरीण केलंत. नोकरीबद्दल एकदाही हळहळला नाहीत. पण जेवता जेवता मधेच घास हातात धरून म्हणायचात, "त्यो आठ बोटांचा मानूस वाट बघत आसंल गं. म्यां हां म्हनलो व्हतो." शेवटच्या तापातही तेच. पुलावर कोण उभं आहे ते बघून ये, म्हणून मला दोनदा अंगणात पाठवलंत. मी गेले, कुडाशी उभी राहिले, आणि परत येऊन म्हटलं, पोचल्या हो बंदुका, तो हसतोय. तेही मला ठाऊक नव्हतं. आजही नाही. तो त्या पुलावर होळीनंतर किती दिवस उभा राहिला असेल, हे मी मोजे विणतानाही मोजत असते.

हे पत्र मी उद्या चुलीत घालणार आहे, म्हणून आता लिहिते. आबा, नंबर तो नव्हता. शेवटचे तीन आकडे वेगळे होते. मी पहिल्याच दिवशी पेटीशी उभी राहून दोनदा वाचले होते. पण सगळ्या बंदुका संपत आल्या होत्या, आणि ह्यांची आलीच नव्हती.