लिलीने ठेवलेलं नाव

वसई, ११ ऑक्टोबर १९५३

प्रिय सेबेस्टियन,

तुझं पत्र मंगळवारी आलं. दवाखान्यातून येऊन, पाय धुऊन, मुलांना वाढून मगच मी ते उघडलं, म्हणून जेवण तरी गोड लागलं. नोकरी करणाऱ्या बाईला वाढत्या वयाची दोन मुलं सांभाळता येत नाहीत, असं लुईसने तुला कळवलं. तू ते खरं धरलंस. आता लिहितोस की नाताळला येशील तेव्हा लिली आणि फेबियनला गिरीजला लुईसच्या वाडीवर नेऊन ठेवशील. लिलीची शाळा सुटेल हे तू लिहिलं नाहीस, पण लुईसने ते मला तोंडावर सांगितलंय. केळीच्या वाडीत इंग्रजी लागत नाही म्हणे. भावाचं ऐकलंस, आता माझंही ऐक. तुझ्या पत्रातली दुसरी गोष्ट मी मुद्दाम शेवटाला ठेवली आहे.

तुझी क्लारा, माझी बहीण, जाऊन तीन वर्षं होतील. विषमज्वराच्या त्या दिवसांत तुझं जहाज एडनला होतं आणि तिच्या उशाशी मी होते. तिने मुलं माझ्या हाती दिली तेव्हा लिली बारा वर्षांची होती आणि फेबियन अकराचा. मला इंजेक्शन देता येत होतं, बाळंतपण करता येत होतं, पण रुसलेल्या मुलीशी काय बोलायचं ते कोणी शिकवलं नव्हतं. दोन महिने ती माझ्याशी बोललीच नाही. मी केलेलं कालवण आईच्या हातचं नाही म्हणून बाजूला सारायची. एक दिवस मी म्हटलं, मग तू कर. तिने केलं, आणि ते माझ्याहून चांगलं झालं. तेव्हापासून चूल तिची आणि भांडी माझी.

फेबियनची तऱ्हा वेगळी. शाळेला म्हणून निघायचा आणि पाचूबंदरला जायचा. मला पत्ताच नव्हता. तिथे एका बाळंतिणीकडे गेले होते, तर तिची सासू म्हणाली, "बाय, तुमचा पोरगा रोज होडीवर येऊन बसतो, पन त्याला पोहता येत नाय." त्या दिवशी मी त्याचा कान चांगला पिळला, खोटं कशाला लिहू? पण पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर त्याच म्हातारीच्या मुलाकडे त्याला पोहायला पाठवलं. होडी फक्त सुट्टीच्या दिवशी, असा आमचा ठराव झाला. मोडला दोनदाच.

माझ्या कामाला वेळकाळ नाही हे लुईसचं खरं आहे. सकाळी दवाखाना, आणि मधेच कुणाचं बोलावणं आलं की निघावं लागतं. म्हणून दारामागे एक पाटी टांगली आहे. मी कुठे गेले, कुणाकडे, भात कोणी घालायचा, सगळं तिच्यावर लिहून जाते. मुलंही बाहेर पडताना लिहितात. फेबियन कधी कधी लिहितो, "भूक लागली म्हणून बाहेर." पण लिहितो. ज्या घरात आई दिवसभर असते, तिथेही मुलं कुठे आहेत हे सगळ्यांना ठाऊक असतं असं नाही.

आता ऑगस्टची ती गोष्ट. लिली एकटी बाळंतिणीच्या खोलीत शिरली आणि तिने संस्काराचा खेळ केला, असं लुईसने तुला लिहिलं. झालं ते असं. मी पाचूबंदरला गेले होते. दुपारी शेजारच्या व्हेरोनिकाला महिनाभर आधीच कळा सुरू झाल्या, आणि तिचा नवरा थॉमस आमच्या दारात आला. लिलीने पाटी वाचली, फेबियनला माझ्याकडे पळवलं आणि स्वतः व्हेरोनिकाचा हात धरून बसली. मी पोचायच्या आत मूल झालं. निळं पडलेलं, रडेना. मी घरी बोलते तेवढ्यावरून लिलीने त्याचं तोंड पुसलं, पाठ चोळली. तरी रडेना, तेव्हा हे जातंय असं वाटून तिने पेल्यातलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं आणि बाप्तिस्म्याचे शब्द म्हटले. अशा वेळी कोणीही तो द्यावा, हे तिला चर्चमध्येच शिकवलेलं. नाव ठेवलं सेबेस्टियन. मी धापा टाकत आत शिरले तेव्हा मूल रडत होतं, आणि बघते तर मुलगी. फादरांनी सगळी विचारपूस केली. पाणी आणि शब्द बरोबर होते, म्हणून बाप्तिस्मा झाला तो झाला, पुन्हा होत नाही. त्यांनी पुढे मारिया जोडलं. चर्चच्या वहीत आता मारिया सेबेस्टियन आहे, आणि व्हेरोनिका ते नाव मिरवते. हेच नाव कसं सुचलं, असं मी लिलीला विचारलं. ती म्हणाली, "मला दुसरं नावच आठवेना, मावशी. रोज संध्याकाळच्या प्रार्थनेत मी पप्पांचंच घेते ना." तुझ्या भावाने हे तुला लिहिलं नसेल. मला त्या पोरीचा इतका अभिमान वाटला की मी भर अंगणात रडले.

आता ती दुसरी गोष्ट. तू लिहिलंस की मी नोकरी सोडली तर तू माझ्याशी लग्न करशील आणि मुलांना आई मिळेल, नाहीतर गिरीज. सतरा वर्षांपूर्वी तुझ्या आईने हेच मागितलं होतं. नर्सचं शिक्षण सोड, मग लग्न. मी नाही म्हटलं आणि तू गप्प बसलास. मी खूप रडले, पण आपण चुकलो असं एकदाही वाटलं नाही. क्लाराला हे सारं माहीत होतं, तरी तिने मुलं दिली ती मलाच, नोकरीसकट. सेबेस्टियन, मी तुला कधी विसरले नाही, आणि हे लिहायला मला लाज वाटत नाही. म्हणून माझं उत्तर होय आहे. मुलं याच घरात राहतील आणि लिली मॅट्रिक होईल. घरात दिवसभर कोणीतरी असावं, हे लुईसचं म्हणणं मात्र मला आता पटू लागलंय. तेव्हा नाताळला येशील तो जहाजाची नोकरी सोडूनच ये.

वाट पाहणारी, पण रजा न घेणारी,
तुझीच
रेजिना