गेममधला गडगा

३ जानेवारी, सकाळी ९.१०
आयुष्य बदललं ते या क्षणी. ज्ञानेश्वरीने इन्स्टावरही ब्लॉक केलं. व्हॉट्सॅप आधीच गेलं होतं. पण पोरांच्या त्या घरं बांधायच्या गेममधून काढलेलं नाही! तिथे ती पुतणीबरोबर खेळते, दहा वर्षांच्या सानवीबरोबर. विसरली असेल? छे. मुद्दाम.

५ जानेवारी
तिच्या घराला लागून घर बांधलं. सहा ते आठ अंगणात उभा. बोलली नाही. सानवी असते ना बाजूला.
आई विचारते, कॉलेज अर्ध्यावर टाकलंस ते यासाठी? कॉलेज तत्त्वासाठी सोडलं. तत्त्व आईला कळत नाही.

८ जानेवारी
तिने मधे दगडांचा गडगा घातला. पुरुषभर उंच. शहाणी आहे. लोकांच्या नजरेला आडोसा हवाच.

११ जानेवारी
गडगा तीन हात माझ्या जागेत सरकला. हे अति झालं. उशी फाडली. संकल्प: एप्रिलपर्यंत रागवायचं नाही.

१४ जानेवारी
वाडीच्या मुंबईकरांच्या मंडळाचा फतवा. वाडीतल्या सोळाच्या आतल्या पोरांना सोशल मीडिया बंद. गेम त्यात धरायचा का, ते रविवारी बैठकीत वाडीप्रमुख आप्पा ठरवणार. ज्यांना फोनचं फक्त हिरवं बटण माहीत! गेम धरला तर सानवीचा टॅब कपाटात, आणि माझं प्रेमही. मी बोलणार म्हटल्यावर रितेश हसला. मित्र कसला, गाढव.

१७ जानेवारी
भाषण पाठ. मुद्दा एकच. गेममध्ये कोणी कोणाचं नसतं. ओळख नाही, नातं नाही, नुसता खेळ.

१८ जानेवारी, संध्या. ५.४०
भाषण कडक झालं. आप्पा म्हणाले, पोरगा बोलतो बरा. निम्मे पटलेच होते. तेवढ्यात ज्ञानेश्वरीच्या घरच्या तुळसाकाकूने नाक खुपसलं. म्हणाली, मग आमची ज्ञानेश्वरी रोज त्या टॅबात कोणाला शिव्या घालते? ज्ञानेश्वरी म्हणाली, आहे एक शेजारी, आगाऊ.
आगाऊ? मी ताडकन उठलो. म्हटलं, गडगा तीन हात माझ्या जागेत कोणी सरकवलान?
आप्पांनी चष्मा काढला. त्यांची हयात लोकांचे गडगे मोजण्यात गेली. म्हणाले, थांब मेल्या. शेजारी हाय, जागा हाय, गडगा हाय, वर भांडण पण हाय. मग ही वाडीच झाली की! आणि वाडी सोशल नाय तर काय? लिहा रे, गेम धरला.
मग तिला म्हणाले, बाय, गडगा का घातलास?
ती म्हणाली, आप्पा, हा रोज दोन तास अंगणात येऊन उभा राहतो. सानवी घाबरते. मला याच्याशी बोलायचं नाहीये. सगळीकडे ब्लॉक करून सांगून झालं.
मी म्हटलं, मी तर तिथे एकटाच खेळतो.
कोणी हसलं नाही. रितेशसुद्धा नाही. हसला असता तर निदान त्याची कॉलर धरली असती.
उठलो, बाहेर आलो, मागे दार लावून घेतलं.